बावन्न कार्डांची माळ

साखर पेठेतल्या व्यंकूच्या कारखान्यात एके काळी इतका आवाज असायचा, की तिकडे करमाळ्यात कोंबड्या अंडी द्यायच्या विसरत. खोटं वाटत असेल तर करमाळ्याला जाऊन चौकशी करा; कोंबड्या बदलल्या असतील, पण मालक तेच आहेत. आठ माग एकदम चालू झाले की समोरच्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसायचे आणि शब्द थेट दुसऱ्या दिवशी कानात पोचायचे. मंगळवारी कुणी शिवी दिली तर भांडण बुधवारी व्हायचं.

आज मी त्याच कारखान्याच्या मधोमध उभा राहिलो आणि मला माझ्या मनगटावरचं घड्याळ ऐकू आलं.

माग गेले. परवाच भंगारवाला कापून घेऊन गेला म्हणे. फरशीवर आठ तेलकट चौकोन तेवढे उरलेत, कुणी आठ म्हशी बसवून उठवल्यासारखे. पत्र्याच्या भोकातून दुपारचं ऊन खाली येत होतं आणि त्या उन्हात सुताचा भुगा अजून तरंगत होता. त्याला कुणी सांगितलंच नसावं की दुकान बंद झालं. वास मात्र भंगारवाल्याला उचलता आला नव्हता. सुताला लावायच्या कांजीचा आंबूस वास, गरम तेलाचा, नुकत्या रंगवलेल्या लाल सुताचा, आणि मागच्या दारातून येणारा अम्माच्या चिंचेच्या आमटीचा. तो आमटीचा वास तर असा, की मेलेला माणूस उठून ताट मागेल. मी जिवंत होतो, तरी हललो नाही. चौदा वर्षं ज्या घरचं पाणी प्यायलो नव्हतो, तिथल्या आमटीनं विरघळायचं नाही, असं ठरवून आलो होतो.

व्यंकू आणि त्याची आई, म्हणजे आमची अम्मा, संध्याकाळच्या गाडीनं सोलापूर सोडून तिकडे तेलंगणात, सिरसिल्ल्याला, व्यंकूच्या बहिणीकडे कायमचे चालले होते. ही बातमी मला रफीकनं दिली. रफीक रिक्षा चालवतो. नवी पेठेत आमच्या कापडदुकानासमोर ब्रेक लावून त्यानं सांगितलं आणि मी काही म्हणायच्या आत मला रिक्षात बसवलं. "चौदा साल हुए," म्हणाला, "अब तो जा के बोल, नइं तो सुन." मी म्हटलं, मी बोलणार नाही, मी ऐकायला चाललोय. व्यंकूच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं मला, 'चुकलं माझं'. तेवढं कानावर पडलं की पुरे. मग त्यानं सिरसिल्ल्याला जावं नाहीतर चंद्रावर.

व्यंकू आत सामान बांधत होता. मी भिंतीकडे पाहिलं आणि खिळ्यावर ती दिसली. जकार्डच्या कार्डांची माळ.

सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगतो. चादरीवर मोर काढायचा असो की ताजमहाल, तो आधी जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोकं पाडून काढतात. एक पट्टी म्हणजे चादरीतला एक आडवा धागा. भोक असेल तिथं उभं सूत वर उचललं जातं, नसेल तिथं खालीच राहतं. अशा पट्ट्या दोऱ्यानं एकापुढे एक ओवायच्या आणि शेवटची पट्टी पहिलीला बांधून टाकायची. मग ती माळ मागावर फिरत राहते आणि तोच मोर पुन्हा पुन्हा उमलत राहतो. व्यंकू ही भोकं पाडण्यातला सोलापुरातला एक नंबरचा कारागीर. डोळे मिटून भोक पाडी. एकदा म्हणे त्याला शिंक आली आणि त्या शिंकेत कमळ पडलं.

पण खिळ्यावरची ही माळ कुठल्याच चादरीची नव्हती. ती 'परतीची वेळ'ची होती.

'परतीची वेळ' ही बावन्न भागांची मालिका दर रविवारी सकाळी अकराला लागायची. घाटातल्या एका आडबाजूच्या स्टेशनवर एक तरुण स्टेशनमास्तर असतो. एका सकाळी त्याला टेबलावर चिठ्ठी सापडते: 'सहाची गाडी थांबव.' अक्षर त्याचं स्वतःचं. तो गाडी थांबवतो, पुढचा पूल कोसळलेला असतो, माणसं वाचतात. पुढं दहाव्या भागात कळतं, की स्टेशनजवळच्या बोगद्यातून मागच्या काळात जाता येतं. मास्तर मागे जातो आणि खिशात जपून ठेवलेली तीच चिठ्ठी आपल्याच टेबलावर ठेवून येतो. आता सांगा, ती लिहिली कुणी? अक्षर त्याचं, पण लिहिताना तिला कुणी पाहिलं नाही. त्यानं स्वतःसुद्धा नाही.

या एका प्रश्नावर आम्ही चौघांनी महिनोन् महिने डोकी फोडून घेतली. मागांना सुट्टी असायची, म्हणून कारखान्यातच जमायचो. सुताच्या बाचक्यांवर टीव्ही, आणि टीव्हीसमोर आम्ही: मी, व्यंकू, रफीक आणि माने सर. माने सर कॉलेजच्या प्रयोगशाळेत सामान मांडायचे, शिकवायचे नाहीत. पण पदार्थविज्ञान त्यांनी इतकं पुसलं होतं, धुतलं होतं आणि कपाटात लावलं होतं, की त्यांना सर न म्हणणं पाप झालं असतं. मूळचे सांगोल्याकडचे, घरी मेंढरं. त्यामुळे विश्वाचं कुठलंही कोडं ते मेंढरांतून सोडवत.

"हे बगा," सर म्हणाले, "समजा माजा यडका बोगद्यातनं मागच्या काळात ग्येला, आन तितं टक्कर दिऊन आपल्याच आज्याला मारला. आजा मेला, तर यडका जल्मला कुटनं? आन यडकाच न्हाय, तर टक्कर कुनी दिली?"

"सर," रफीक म्हणाला, "बकरे के दादा को पैचानता कौन?"

"यडका हाय, बकरा न्हाय."

"हौ, तो यडके का दादा. उसका क्या राशन कार्ड है?"

यावर दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी व्यंकूनं मागावरची माळ हातानं फिरवून दाखवली. म्हणाला, यातलं पहिलं कार्ड दाखवा. आम्ही तिघांनी तीन वेगळी कार्डं दाखवली. बांधणाऱ्याला माहीत असतं, एरवी पहिलंही नाही आणि शेवटचंही नाही. "चिठ्ठी अशीच हाय," तो म्हणाला, "फिरत हाय, बास." इतकं सोपं उत्तर ऐकून सरांना राग आला. मग व्यंकूनं ठरवलं, दर भागाचं एक कार्ड पाडायचं. पट्टीची डावी बाजू मागचा काळ, उजवी आजचा. ज्या भागात जितकी माणसं ज्या काळात, तितकी भोकं. वाचायला त्यानं मला शिकवलं. बाकी दोघांना कंटाळा.

ते रविवार आठवले की मला आधी उन्हाचा रंग आठवतो. सोलापूरचं ऊन म्हणजे काय सांगावं, एका उन्हाळ्यात आमच्या गल्लीतला कुत्रा स्वतःच्या सावलीशी भाडं ठरवताना मी पाहिलाय. पण पत्र्याखाली, सुताच्या गाठोड्यांमध्ये, ओल्या गोणपाटाच्या पडद्याआड ते ऊन ताकासारखं पातळ होऊन यायचं. अम्मा कडक भाकरी आणून ठेवायची, तळहाताएवढा तुकडा मोडला की बंदूक उडाल्यासारखा आवाज. शेंगाचटणीवर तेल सोडायची, आणि तेलाची ती धार संपेपर्यंत कुणी वाद घालायचा नाही, असा आमचा अलिखित कायदा होता. मग तांब्यातलं ताक. मग अकरा.

आणि अकरा पंचवीसला वीज जायची. लोडशेडिंगचे दिवस ते. वेळापत्रक पेपरात वेगळं छापून यायचं आणि वीज वेगळीच जायची, पण रविवारी नेमकी तिथं, जिथं मास्तर दार उघडतो आणि समोर कोण आहे ते दिसायच्या आत पडदा काळा. शेवटची पाच मिनिटं आम्ही कधी धड पाहिलीच नाहीत. अंधुक पत्र्याखाली चार माणसं वारा घालत बसायची आणि जे दिसलं नाही ते रचायची. खरं सांगतो, मालिका त्या वीजवाल्यानंच चांगली केली.

सर सिद्धान्त मांडत, रफीक तो पाडी, मी त्यावर माडी बांधी. मी तर पार सांगायचो, की मास्तर म्हणजे त्याच्याच आजोबांचा नातू नसून आजोबाच आहे, आणि बोगदा हा बोगदा नसून मास्तरचा घसा आहे. व्यंकू शेवटी बोलायचा. हातातल्या सुताला गाठ मारत, खाली बघत, हळूच म्हणायचा, "मला वाटतंय, दारात त्याची म्हातारी आई असंल. पण तरुण." पुढच्या रविवारी भाग सुरू व्हायचा, आणि दारात तरुण आई.

दहापैकी आठ वेळा त्याचं खरं निघे. दोनदा चुके, तेही असा चुके की आपल्याला त्याचा लळा लागावा. सर त्याला हात जोडत. रफीक म्हणायचा, इसको मटके का रतन खत्री बना देते. आणि मी? मी नवी पेठेतला बोलका माणूस, ज्याच्या गप्पा ऐकायला गिऱ्हाईक खण न घेता तासभर बसतं. मी कुणाच्या मागे राहणारा नव्हे. मी एक छोटीशी थाप मारली.

सांगितलं, की मालिकेच्या लेखकाला मी पत्र टाकलं होतं आणि त्याचं उत्तर आलंय.

अंतर्देशीय पत्र, हिरवी शाई, डाव्या हातानं काढलेलं तिरकं अक्षर. 'प्रिय सोलापूरकर मित्रा' अशी सुरुवात. पुढं काय लिहायचं हा प्रश्न नव्हता, कारण शनिवारी दुपारी मी टॉवेलांचा माल न्यायच्या निमित्तानं व्यंकूकडे जायचो, चहा पिता पिता विचारायचो, काय रे, काय वाटतंय उद्याचं? तो सांगायचा. मी घरी येऊन त्याला लेखकाच्या भाषेची फोडणी द्यायचो आणि रविवारी साडेदहाला मोठ्यानं वाचायचो. अकराला तसंच घडायचं. सरांचे डोळे पाणावले. दोनच महिन्यांत दुकानात बायका साडीचा पदर उलगडून विचारायला लागल्या, लेखकाचं काय पत्र बित्र? आमचे काका, ज्यांनी आयुष्यात कॅलेंडराखेरीज काही वाचलं नाही, तेही गल्ल्यावरून मान वाकडी करून ऐकत. मला त्या पत्रांची स्वतःलाच इतकी सवय झाली, की एकदा पोस्टमनला मी खरोखर रागावलो होतो, या वेळी उशीर का म्हणून.

अडतिसाव्या भागानंतर सगळ्यांना शेवट हवा झाला. शनिवारी व्यंकूला विचारलं, तर तो पहिल्यांदाच म्हणाला, शेवटाचं मला काय सुचत न्हाय. खूप खोदलं. नाहीच. मग मी माझा मीच बसलो आणि असा शेवट लिहिला, की लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. मास्तर ती चिठ्ठी फाडतो. चिठ्ठी फाटली, की तिच्यामुळे वाचलेली माणसं एकेक करून फलाटावरून दिसेनाशी होतात, भागामागून भाग, आणि शेवटच्या भागात मास्तरही नाही. नुसतं स्टेशन, नुसती शिट्टी. रविवारी वाचून दाखवलं तेव्हा कारखान्यात माशीसुद्धा थांबली. व्यंकूच्या हातात भोकं पाडायचा दाभण होता. तो म्हणाला, "परत वाच की." मी परत वाचलं. माझ्या आयुष्यातली ती सर्वोच्च दुपार. सकाळ म्हणा, पण मला ती दुपारच वाटली.

आणि मग एका बुधवारी मी माल न्यायला गेलो. व्यंकू रंगवाल्याकडे गेलेला. माग चालू होते, मी भिंतीपाशी उभा, आणि सहज माळेला हात लावला. मालिकेचे तोवर एक्केचाळीस भाग झाले होते. माळ बंद होती. शेवटचं कार्ड पहिल्याला बांधलेलं. मी मोजली. बावन्न. बेचाळिसावं वाचलं, आणि त्यात ते होतं जे अजून आम्ही पाहिलंच नव्हतं: मागच्या काळात चार, आजच्या काळात एकही नाही.

अम्मा ताक घेऊन आली. आम्हा सगळ्यांना ती 'नायना' म्हणायची, म्हणजे बाळा. मी खुणेनं माळ दाखवली आणि आवाजावर आवाज चढवून विचारलं, हे पुढचं यानं कसं काय पाडलं? ती हसली. तिच्या तोंडातला विडा आठवतो मला, हसताना लाल झालेली ओठांची कड. "ही गोष्ट आमी पाहिलं की, नायना," ती म्हणाली. "आमच्या तेलुगूत. तीन वर्षं झालं. हे मराठीवाले आता काढायलेत. व्यंकू अन मी, दोघं बसून पाहिलं सगळं."

मागांच्या त्या आवाजात मला ते स्पष्ट, त्याच दिवशी ऐकू आलं.

मी शेवटची कार्डं वाचली नाहीत. कशाला वाचतो? तांब्या खाली ठेवला आणि निघालो. नवी पेठेपर्यंतचं अंतर मी कसं कापलं मला ठाऊक नाही. रिक्षावाले म्हणतात माझ्या डोक्यातून धूर निघत होता आणि मागे दोन बंब लागले होते. एवढी मोठी फसवणूक! आम्ही डोकी फोडायचो आणि हा गाठ मारत बसायचा, सगळं पाहून झालेला, तरुण आईसुद्धा. ती दोनदा केलेली चूकसुद्धा ठरवून केलेली. मला लेखकाचं दुःख नव्हतं, मालिकेचं तर नव्हतंच. अंधारात बसून जे रचलं ते चौघांचं मिळून, असं मी समजत होतो. त्या अंधारात एकट्याला दिसत होतं.

पुढच्या रविवारी सर्वांसमोर मी त्याचं सगळं सांगितलं. जरा वाढवूनच सांगितलं. सर म्हणाले, "म्हंजी आमी डोकं खाजवलं ते तुला नाटक व्हतं व्हय, व्यंकटेश?" त्याला पूर्ण नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. रफीकनं उठून टीव्ही बंद केला. व्यंकू माझ्याकडे बघत राहिला. नुसता बघत राहिला, काहीतरी अजून यायचंय अशा नजरेनं. त्याच्या त्या गप्प बसण्याचा मला इतका संताप आला, की मी ताकाचा तांब्या लाथाडला. सुताच्या गाठोड्यावर सांडलेलं ताक, आणि आत अम्माच्या भाकरीचा थांबलेला आवाज.

त्यानंतर रविवार होते, पण ते रविवार नव्हते. सर सांगोल्याला मेंढरांत परत गेले. रफीक दोन्हीकडे येत-जात राहिला, रिक्षा तशी असतेच. शेवटचा भाग मी घरी एकट्यानं पाहिला. वीज गेली नाही, अगदी शेवटपर्यंत. मास्तर दवाखान्यात जागा होतो, सगळी माणसं खाटेभोवती उभी, सगळं स्वप्न होतं. बावन्न आठवडे, आणि स्वप्न! मला वाटलं, हेही याला माहीत होतं. हा पांचट शेवट माहीत असून यानं आम्हाला इतके महिने आशेला लावलं. दुकानात लोकांनी विचारलं, तुमचा लेखक तर काही भलतंच म्हणत होता? मी पापणी न लववता सांगितलं, वरच्यांनी ऐन वेळी शेवट बदलायला लावला. लेखक अन्नाला शिवत नाही. तेही लोकांनी मानलं. रफीकनं ते साखर पेठेपर्यंत पोचवलं असणार.

चौदा वर्षं मी ही हकिकत सांगत आलोय. लग्नांत, बारशांत, अकलूजच्या एका साखरपुड्यात तर मुलीकडच्यांनी जेवणं थांबवून ऐकली. दर वेळी व्यंकू थोडा आणखी लबाड होत गेला आणि मी थोडा आणखी भोळा.

तर आज मी खिळ्यावरून ती माळ काढली. पुठ्ठा मऊ पडलेला, कडांना तेलाचे बोटांचे ठसे. शेवटच्या गाठीपासून उलटी वाचायला घेतली, कारण म्हटलं, तो दवाखाना यानं कसा पाडलाय ते तरी बघू. दहा-बारा भोकं हवीत.

बावन्नावं कार्ड कोरं होतं. एकही भोक नाही.

एक्कावन्नाव्यावर एक. पन्नासाव्यावर दोन. शेहेचाळिसाव्यापर्यंत मी मागे गेलो, भोकं एकेक वाढत सहा झाली. उजवीकडची, आजच्या काळातली. फलाटावरची माणसं एकेक करून दिसेनाशी होत होती. मी तिथंच तेलाच्या चौकोनात खाली बसलो. तो शेवट तेलुगूतला नव्हता, मराठीतला नव्हता. तो माझा होता. हिरव्या शाईतला, डाव्या हाताचा.

"कधी आलास बे?"

व्यंकू दारात उभा होता. केस पांढरे, हातात सुतळी आणि कात्री. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो बुटका निघाला. चौदा वर्षांत मीच त्याला उंच करून ठेवला होता. मला 'चुकलं माझं' ऐकायचं होतं, पण तोंडातून निघालं, "ही शेवटची कार्डं कसली?"

"ती व्हय," तो माझ्याशेजारी खाली बसत म्हणाला. "तेलुगूतली पंचेचाळीस भागांवर बंद पडली. तेवढी कार्डं मी आधीच पाडून ठेवलेली. अचानक. अम्मा आठ दिवस जेवली न्हाय नीट. पुढचं कुणालाच ठाऊक न्हवतं. मग तुझ्या पत्रात शेवट आला की. त्याच रात्री सात कार्डं पाडली आन माळ बांधून टाकली."

मी शेवटची गाठ बोटांत फिरवत राहिलो.

"पयल्याच रविवारी सांगणार होतो," तो सुतळी बोटाला गुंडाळत म्हणाला, "की आमी पाहिलंय हे. पण तुमी सगळे रंगात आलेलाव. मग तुला पत्रं यायला लागली. दर पत्र खरं. मला माहीत हाय ना पुढं काय ते, म्हणून कळायचं, लेखक खराच हाय. शनिवारी तू विचारायचास, वाटायचं पत्राशी ताडून बघायलास, म्हणून तुला खरंच सांगायचो. मग म्हटलं, चला, आता आपण दोघं झालो. दोघांना म्हाईत हाय, दोघं गप बसायलोय, सर आन रफीकला गोष्टीत राहू द्यायलोय. लई बरं वाटायचं रे. एकट्यानं गप बसायचं म्हंजे..." त्यानं वाक्य सोडून दिलं. मग म्हणाला, "त्या रविवारी तू माझं सगळं सांगितलास. मी थांबलो, म्हटलं आता तुझं पण सांगशील. तू तांब्याला लाथ मारलास."

बाहेर रफीकनं हॉर्न दिला. आत अम्मा तेलुगूत कुणालातरी डब्याचं झाकण विचारत होती.

"लेखकाला शेवट बदलायला लावला म्हणे," व्यंकू म्हणाला. "बिचारा. माझ्या मते खरा शेवट हाच." त्यानं कोऱ्या कार्डावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे बघून, चौदा वर्षांपूर्वी शनिवारी मी त्याला विचारायचो तसंच विचारलं, "नंतर कधी आलं का रे त्याचं पत्र?"

तेव्हा माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. शपथेवर सांगतो, शाईसकट तयार होतं. 'आलं की. गेल्याच महिन्यात. तुझी विचारपूस केलीय, म्हणतो कारागिराला नमस्कार सांग.' एवढं म्हटलं असतं तर तो सिरसिल्ल्याला हसत गेला असता, आणि मी पण हसत नवी पेठेत. आयुष्यभर जिनं मला वाचवलं ती जीभ ऐन वेळी फितूर झाली.

"व्यंकू, लेखक नव्हता," मी म्हटलं. "ती पत्रं मीच लिहायचो. शनिवारी तू सांगायचास तेच."

त्यानं कोऱ्या कार्डावरचं बोट उचललं. मग म्हणाला, "सगळी?"

"सगळी."

"आन शेवटचं?"

"ते पूर्ण माझंच. तू सुचत नाही म्हणालास म्हणून."

चौदा वर्षं लग्नां-बारशांत फसवल्या गेलेल्या माणसाचा जो चेहरा मी मिरवत हिंडलो होतो, तो मला आज समोर दिसला. माझा खोटा होता. इतका साधा, इतका गप्प चेहरा मला कधी करताच आला नव्हता.

त्यानं माझ्या मांडीवरून माळ ओढून घेतली, कात्रीनं पहिल्या आणि शेवटच्या कार्डामधला दोरा कापला. मग बोटानं मोजत पंचेचाळीसपर्यंत गेला आणि तिथं दुसरा. सुटलेली सात कार्डं सरळ केली, त्यांना सुतळी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि माझ्या हातात दिली.

"ही तुझी," म्हणाला. "बाकीची खरी हायत." आणि ती घेऊन आत गेला. मागच्या दाराची कडी लागली. आमटीचा वास तेवढा इकडे राहिला.

रफीकनं रिक्षा चालू केली. दोन चौक गप्प बसला, त्याच्या मानानं हा विक्रमच. मग आरशातून विचारलं, "क्या बोला रे? माफी मांगा?"

मी कार्डं उघडून उन्हात धरली होती. रिक्षा खड्ड्यातून उडत होती आणि माझ्या शर्टावर उन्हाचे ठिपके पडत होते: सहा, मग पाच, मग चार. एक आला, छातीपाशी थरथरला. शेवटच्या कार्डाची नुसती सावली पडली.